'प्रॉमिनंट' म्हणजे नेमकं काय? प्रमुख, ठळक की आणखी काही?

मीनल_दादर

नमस्कार मंडळी,

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधीच्या तपासण्यांमध्ये छातीचा एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये एक ओळ आहे, 'प्रॉमिनंट ब्रॉन्कोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज'. बाकी सगळं नॉर्मल लिहिलंय. भावाने ती ओळ मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये टाकली. उत्तर आलं, 'प्रमुख ब्रॉन्कोव्हॅस्क्युलर खुणा'. आईने त्यातला 'प्रमुख' तेवढा धरला. हाच मुख्य आजार निघाला, आता ऑपरेशन काही होत नाही, असं तिच्या मनाने घेतलं आणि रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आजाराचं आम्ही आमच्या डॉक्टरांनाच विचारणार आहोत. इथे विचारायचंय ते शब्दाबद्दल. मी भाषांतराची कामं करते. बँकांची पत्रकं, मिक्सर-गीझरच्या माहितीपुस्तिका, कधी सोसायट्यांच्या नोटिसा. हा शब्द सगळीकडे भेटतो. 'डिस्प्ले ॲट अ प्रॉमिनंट प्लेस', 'प्रॉमिनंट सिटिझन्स', 'प्रॉमिनंट फीचर्स'. दरवेळी मी वेगळा मराठी शब्द लिहिते आणि वाक्य बसतंही. पण या सगळ्यांच्या मुळाशी एकच अर्थ आहे, की इंग्रजीतच हे निरनिराळे अर्थ आहेत? आणि 'प्रमुख' का चालत नाही, हे समोरच्याला पटेल असं कसं सांगायचं?

अनुस्वार

मीनलताई, मुळाशी अर्थ एकच आहे. लॅटिनमध्ये 'प्रोमिनेरे' म्हणजे पुढे येणं, बाहेर डोकावणं. 'प्रो' म्हणजे पुढे, आणि 'मिनेरे'चं नातं टोक, कंगोरा, बाहेर आलेला भाग यांच्याशी आहे. 'माउंटन'मधला 'मॉन्स' याच कुळातला मानतात. 'एमिनंट' म्हणजे वर उठलेला आणि 'इमिनंट' म्हणजे डोक्यावर येऊन ठेपलेला, हेही त्याच घरातले.

म्हणजे 'प्रॉमिनंट'चा शब्दशः अर्थ 'आजूबाजूच्या पातळीपेक्षा पुढे आलेला'. नाक, हनुवटी, दात, समुद्रात घुसलेला कडा यांना तो सरळ लागतो. माणसांना, मुद्द्यांना आणि बातम्यांना तो लाक्षणिक अर्थाने लागतो. थोर, मुख्य, महत्त्वाचा यांतलं काहीही त्याच्या गाभ्यात नाही. आईंना एवढं सांगा की तो शब्द फक्त 'दिसण्या'बद्दल बोलतो.

बोरीबंदर

थोडा विरोध नोंदवतो. 'प्रमुख' म्हणजे 'प्र' अधिक 'मुख', तोंड पुढे असलेला. अर्थ तर तोच झाला. बऱ्याच इंग्रजी-मराठी कोशांत 'प्रॉमिनंट'समोर 'प्रमुख' दिलेला असतो. 'शहरातील प्रमुख डॉक्टर', 'प्रमुख वैशिष्ट्ये' असं आपण लिहितोच. मग ॲपचं चुकलं कुठे?

परळच्या_बाई

बोरीबंदर, कोशात दिलेला असतो हे खरं. पण कोश चार-पाच पर्याय देतो आणि निवड आपल्यावर सोडतो.

आज मराठी कानाला 'प्रमुख' म्हटलं की उतरंड ऐकू येते. विभागप्रमुख, शाखाप्रमुख, कुटुंबप्रमुख, प्रमुख पाहुणे. वरच्या पायरीवर एकजण आणि बाकीचे खाली. शाखाप्रमुख हे पद आहे. शाखेतला सर्वांत उठून दिसणारा कार्यकर्ता दुसराच कुणी असू शकतो. इंग्रजीत शाखाप्रमुखाला 'हेड' किंवा 'चीफ' म्हणतील आणि त्या कार्यकर्त्याला 'प्रॉमिनंट'.

'प्र' आणि लॅटिन 'प्रो' ही खरंच भावंडं आहेत, इंडो-युरोपीय कुळातली. 'मुख' आणि 'मिनेरे' यांचा मात्र काही संबंध नाही. आणि व्युत्पत्ती जुळली तरी शब्द आज काय काम करतो तेच शेवटी पाहायचं असतं.

मला वाटतं ॲपचा 'प्रमुख' हिंदीच्या वळणाचा आहे. हिंदीत तो सैल वापरतात, 'प्रमुख समाचार' म्हणतात. आपल्याकडे आकाशवाणीवर 'ठळक बातम्या' असतात. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनेही रेडिओवर 'ठळक बातम्या'च ऐकल्या. म्हणजे मराठीने हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय, आपणच तिकडे पाहत नाही.

क्षकिरण

मी रेडिओलॉजिस्ट आहे, मुंबईतच. हा शब्द आम्ही दिवसभर लिहितो, म्हणून सविस्तर लिहिते. हा वैद्यकीय सल्ला नाही. आईंच्या रिपोर्टबद्दल तुमचे डॉक्टर फिल्म पाहून सांगतील तेच खरं.

आधी ती ओळ फोडू. 'ब्रॉन्को' म्हणजे श्वासनलिका, 'व्हॅस्क्युलर' म्हणजे रक्तवाहिन्यांचं. फुप्फुसाच्या मुळापासून या दोन्ही जोडीने फाटे फुटत बाहेर जातात आणि एक्स-रेवर त्यांच्या पांढुरक्या रेघा दिसतात. मुळाशी जाड, कडेकडे जाताना बारीक, अगदी कडेला जवळजवळ दिसेनाशा. या रेघा प्रत्येक माणसाच्या एक्स-रेत असतात. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. त्या नेहमीपेक्षा जराशा जाड वाटल्या किंवा नेहमीपेक्षा बाहेरपर्यंत जाताना दिसल्या, की आम्ही 'प्रॉमिनंट' लिहितो.

आता असं का दिसतं? धूम्रपान असेल, जुना खोकला असेल, ब्राँकायटिस असेल, कधी हृदयाचाही संबंध असतो. पण फोटो काढताना पेशंटने पूर्ण श्वास भरून धरला नाही, तरी फुप्फुस नीट पसरत नाही आणि रेघा एकमेकींजवळ येऊन दाट दिसतात. वयस्कर माणसांच्या बाबतीत हे रोज होतं. तंत्रज्ञ सांगतो 'श्वास घ्या, धरा', आणि तोवर त्यांनी सोडलेला असतो. पेशंटला आडवं झोपवून काढलेली फिल्म, जाड अंगलट, एक्स्पोजर कमी पडणं, यांतल्या कशानेही तेच दिसतं. म्हणून शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन' असं लिहिलेलं असतं. पेशंटला खोकला, दम, ताप आहे का ते समोरच्या डॉक्टरने पाहावं आणि मग या रेघांना किती वजन द्यायचं ते ठरवावं, असा त्याचा अर्थ.

शब्दाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा, की 'प्रॉमिनंट' आणि 'एनलार्ज्ड' हे आमच्यासाठी एक नाहीत. 'एनलार्ज्ड' लिहायला माप लागतं. उभं राहून, पाठीकडून किरण सोडून काढलेल्या एक्स-रेत हृदयाची रुंदी छातीच्या पिंजऱ्याच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर हृदय मोठं झालंय असं म्हणतात. 'प्रॉमिनंट'ला असं माप नाही. तो डोळ्याचा शेरा आहे. 'हे मला नेहमीपेक्षा उठून दिसलं, नोंदवून ठेवते.' त्यात आजार आहे असंही म्हटलेलं नसतं आणि नाही असंही म्हटलेलं नसतं.

शरीररचनेत मात्र हा शब्द पक्का नाव म्हणूनही बसलाय. मान पूर्ण खाली घाला आणि मानेच्या मागून बोट खाली सरकवत न्या. जिथे मान संपून पाठ सुरू होते, तिथे एक टणक उंचवटा लागतो. तो बहुतेकांच्या बाबतीत मानेचा सातवा मणका असतो. त्याचं लॅटिन नाव 'व्हर्टिब्रा प्रॉमिनन्स'. तो मणक्यांचा राजा नाही, त्याचं हाड मागे जास्त आलेलं आहे, एवढंच. मणके मोजायला डॉक्टर सुरुवात अनेकदा तिथूनच करतात, कारण तो हाताला चटकन लागतो.

मीनल_दादर

डॉक्टर, मनापासून आभार. मणक्याचा परिच्छेद आईला मोठ्याने वाचून दाखवला, तिने लगेच मानेवर हात फिरवून पाहिला. 'हे असं पुढे आलंय म्हणून प्रॉमिनंट होय' म्हणाली. तिला शब्द पोचला. बाकीचं सोमवारी डॉक्टरांकडे.

रिपोर्टपुरतं मराठी 'नेहमीपेक्षा ठळक दिसणाऱ्या रेघा' असं केलं तर चालेल का?

क्षकिरण

उत्तम. 'नेहमीपेक्षा' हा शब्द गाळू नका, सगळा अर्थ त्यातच आहे.

डोंगरवाट

'नेहमीपेक्षा' आणि 'आजूबाजूपेक्षा' यावरून लिहावंसं वाटलं. गिर्यारोहणात 'प्रॉमिनन्स' हे चक्क मोजायचं परिमाण आहे, आणि ते उंचीपेक्षा वेगळं असतं.

एखाद्या शिखरावरून तुम्हाला त्याच्याहून उंच शिखरावर जायचंय. त्यासाठी आधी खाली उतरावं लागणार. कमीत कमी किती उतरलं म्हणजे दुसरीकडची चढण सुरू करता येईल? तेवढं त्या शिखराचं 'प्रॉमिनन्स'. म्हणजे शिखर आणि त्याला उंच शेजाऱ्याशी जोडणारी सर्वांत वरची खिंड, यांच्या उंचीतला फरक.

ल्होत्से घ्या. उंची ८,५१६ मीटर, जगातलं चौथं उंच शिखर. पण ते एव्हरेस्टला चिकटून आहे. मधली साउथ कोल नावाची खिंडच सुमारे ७,९०० मीटरवर आहे. त्यामुळे ल्होत्सेचं प्रॉमिनन्स जेमतेम ६१० मीटर भरतं. याउलट के-टू, उंची ८,६११ मीटर. ल्होत्सेपेक्षा शंभरएक मीटरनेच उंच, पण त्याचं प्रॉमिनन्स ४,००० मीटरच्या वर जातं, कारण त्याच्याहून उंच शिखर गाठायचं तर फार खाली उतरून फार लांब जावं लागतं. एव्हरेस्टला उंच शेजारीच नाही, म्हणून त्याची समुद्रसपाटीपासूनची सगळी उंची, ८,८४८.८६ मीटर, हेच त्याचं प्रॉमिनन्स धरतात.

आपल्याकडचं पाहायचं तर कर्जत लोकलने बदलापूर सोडल्यावर चंदेरीचा सुळका बघा. उंचीने तो कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या पासंगालाही पुरत नाही. पण गाडीतला नवखा माणूसही विचारतो, 'तो कुठला डोंगर?' पायथ्याशी भातखाचरं आणि डोंगररांगेतून मधूनच वर घुसलेला कातळ, म्हणून तो नजरेतून सुटत नाही. त्याला 'प्रमुख डोंगर' कुणी म्हणणार नाही, 'प्रॉमिनंट' मात्र तो नक्कीच आहे.

फोर्टातला_गणपत

डोंगरवाट, हेच राजाबाई टॉवरला लावून बघा. उंची सुमारे ८५ मीटर, १८७८ मध्ये पूर्ण झाला तेव्हा मुंबईतली सर्वांत उंच इमारत. आज लोअर परळला त्याच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे टॉवर एकमेकांना खेटून उभे आहेत आणि त्यांतला एकही वेगळा ओळखू येत नाही. राजाबाई मात्र ओव्हल मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसतो, कारण समोर मोकळं मैदान आहे आणि दोन्ही बाजूंच्या इमारती त्याच्या खांद्यालाही लागत नाहीत. पलीकडच्या आर्ट डेको इमारतींसकट हा सगळा परिसर २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळे शेजार तसाच राहील अशी आशा आहे. माझी नोकरी तिथेच झाली. शेजारी एक टॉवर उभा राहिला असता तर राजाबाईची उंची एका इंचाने कमी झाली नसती, पण तो 'प्रॉमिनंट' उरला नसता.

सुकाणू

जहाजावर हा प्रश्न जगण्यामरण्याचा असतो. किनाऱ्याजवळ आलं की सागरी नकाशावरच्या खुणा धरून जहाजाची जागा पक्की करतात. दीपगृह, चिमणी, चर्चचा मनोरा, पाण्याची टाकी. ज्या खुणा समुद्रातून चटकन ओळखू येतात, त्यांची नावं नकाशावर मोठ्या लिपीत छापलेली असतात आणि ब्रिटिश नकाशांवर शेजारी 'कॉन्स्पिक' असा शेराही असतो, 'कॉन्स्पिक्युअस'चं लघुरूप. इमारत किती महत्त्वाची, आत कोण बसतं, याच्याशी खलाशाला देणंघेणं नसतं. राजभवन झाडीत लपलेलं असेल तर त्याच्यासाठी ते बिनकामाचं आणि एखादी रिकामी पडलेली गिरणीची चिमणी लाखमोलाची.

पण नकाशावर 'प्रॉमिनंट' न लिहिता 'कॉन्स्पिक्युअस' का लिहितात, हे मला नेमकं सांगता येणार नाही. जाणकारांनी सांगावं.

अनुस्वार

सुकाणू, 'कॉन्स्पिक्युअस'मध्ये 'स्पेसेरे' म्हणजे पाहणं आहे. 'स्पेक्टेटर', 'इन्स्पेक्टर' त्याच धातूचे. तेव्हा 'प्रॉमिनंट' वस्तूच्या बाजूने बोलतो, ती पुढे आलेली आहे. 'कॉन्स्पिक्युअस' पाहणाऱ्याच्या बाजूने बोलतो, तिच्यावर नजर जातेच. खलाशाला दुसरं हवं असतं. बहुतेक वेळा दोन्ही एकत्रच घडतं, म्हणून रोजच्या वापरात ते एकमेकांच्या जागी चालून जातात. चौकाच्या मधोमध डाग पडलेला पांढरा सदरा घालून उभा असलेला माणूस 'कॉन्स्पिक्युअस' असतो, त्याला 'प्रॉमिनंट' कुणी म्हणणार नाही. खटकणारं, नको असताना डोळ्यांवर येणारं असं काही असेल तर 'कॉन्स्पिक्युअस'च. आपला 'ढळढळीत' त्याला जवळचा.

साकीनाका_आर्टवर्क

मी पॅकेजिंगच्या आर्टवर्कमध्ये काम करतो. बिस्किटांचे रॅपर, मसाल्यांची पाकिटं, शाम्पूच्या बाटल्यांची लेबलं. आमच्याकडे या शब्दावरून खरंच कामं अडतात, म्हणून जरा लांब लिहितो.

पाकीटबंद मालाचे २०११ चे केंद्रीय नियम आहेत, वजनमापाच्या कायद्याखालचे. किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता वगैरे जे छापायला लागतं ते 'लेजिबल अँड प्रॉमिनंट', म्हणजे वाचता येण्याजोगं आणि उठून दिसणारं, असावं असं त्यात म्हटलंय. आता गंमत नव्हे, खरी अडचण ऐका. क्लायंटकडून मराठी सूचना येते, 'मजकूर ठळक असावा'. छपाईच्या धंद्यात 'ठळक' म्हणजे बोल्ड, जाड ठशाचं अक्षर. नवा मुलगा मजकूर बोल्ड करतो आणि मोकळा होतो. बारीक अक्षर बोल्ड केलं की 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांच्या पोकळ्या शाईने भरून जातात. म्हणजे 'प्रॉमिनंट' करायला गेलो आणि 'लेजिबल'ही राहिलं नाही. देवनागरीत हे रोमनपेक्षा जास्त होतं, कारण आपल्या अक्षरांना वर शिरोरेघा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. सहा पॉइंटात बोल्ड 'ष्ट्य' छापून बघा, नुसता काळा ठिपका दिसतो.

मजकूर खरोखर उठून दिसायला तीन-चार गोष्टी लागतात. अक्षराची उंची, भोवतीची मोकळी जागा, पार्श्वभूमीशी रंगाचा विरोध आणि पाकिटावरची जागा. नियमांना हे माहीत आहे. किंमत आणि वजनाचे आकडे पार्श्वभूमीच्या रंगाहून स्पष्ट वेगळे दिसावेत असं त्यात वेगळं सांगितलंय आणि आकड्यांची किमान उंची मिलिमीटरमध्ये दिलीय. कारण 'प्रॉमिनंट' एवढंच लिहिलं तर ज्याचा त्याचा अर्थ निघतो. पिवळ्यावर पांढरं छापून 'आम्ही दिलंय की' म्हणायला लोक मोकळे.

म्हणून मी आता आमच्या मुलांना सूचना देताना 'ठळक' लिहीत नाही. 'सहज नजरेत भरेल असा' लिहितो. चार शब्द जास्त लागतात, पण बोल्डची चूक होत नाही.

मीनल_दादर

साकीनाका, हे फारच कामाचं. 'ठळक' हा शब्द छापखान्यात अडकलाय हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माहितीपुस्तिकांमध्ये 'इशारा ठळकपणे लावा' असं सगळेच लिहितात.

दुकान_लालबाग

मराठी पाट्यांच्या सक्तीच्या वेळी आम्ही दुकानदारांनी हेच पाहिलं. आधी बऱ्याच ठिकाणी इंग्रजी नाव मोठं झगमगीत आणि कोपऱ्यात चिमुकलं मराठी. विचारलं तर 'मराठी आहे ना' हे उत्तर तयार. २०२२ च्या दुरुस्तीने दुकानांच्या कायद्यातच घातलं की देवनागरीतलं मराठी नाव सुरुवातीला हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानंही त्यात आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि त्यानंतर पाट्या भराभर बदलल्या. नुसतं 'मराठी ठळक असावी' असं लिहून ठेवलं असतं तर आजही कोपऱ्यातली चिमुकली अक्षरंच दिसली असती, असं माझं ठाम मत आहे. आमच्या रस्त्यावर आज देवनागरी पाट्यांची रांग दिसते तेव्हा बरं वाटतं.

कोर्टनाका

वकिलीतलं थोडं. दिवाणी समन्स बजावताना प्रतिवादी भेटत नसेल किंवा घेत नसेल, तर बेलिफ, म्हणजे समन्स बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी, समन्सची प्रत घराच्या बाहेरच्या दारावर किंवा घराच्या 'कॉन्स्पिक्युअस पार्ट'वर डकवतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशातला सतरावा नियम. फरारी आरोपीचा जाहीरनामाही तसाच, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ८२, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ८४. तो गावातल्या 'कॉन्स्पिक्युअस' जागी वाचायचा, घरावर डकवायचा आणि न्यायालयाच्या इमारतीवरही डकवायचा.

आमच्या मराठी कागदपत्रांत याला 'दर्शनी भाग' म्हणतात आणि हा शब्द मला फार आवडतो. पण मुंबईत घराचा दर्शनी भाग कुठला? चाळीत खोलीचं दार सामाईक गॅलरीत उघडतं, तिथे डकवलेला कागद शेजारीपाजारी सगळे वाचतात. टॉवरमध्ये फ्लॅटचं दार बंद लॉबीत असतं आणि तिथवर बेलिफला लिफ्टने सोडायचं की नाही हे वॉचमन ठरवतो. दार तेच, कायदा तोच, पण पाहणारे डोळे नाहीत. मग 'आपल्याला समजलंच नाही' यावर वाद होतात आणि बेलिफने अहवालात कुठे, कसं, कुणासमोर डकवलं ते नीट लिहिलंय का, यावर बरंच अवलंबून राहतं.

मीनलताई, सोसायटीच्या नोटिशीत 'दर्शनी भागी' डोळे मिटून लिहा. आणि त्यासोबत 'तळमजल्यावरील सूचनाफलकावर' असं ठिकाणही लिहा.

मीनल_दादर

एक कोडं तुमच्यासाठी, कोर्टनाका आणि अनुस्वार दोघांनाही. तंबाखूजन्य पदार्थांच्या २००३ च्या कायद्यात पाकिटावरच्या इशाऱ्याबद्दल कलम ८ आहे. त्यात इशारा 'लेजिबल अँड प्रॉमिनंट' हवा आणि लगेच पुढच्या उपकलमात 'कॉन्स्पिक्युअस ॲज टु साइज अँड कलर' हवा. दोन्ही शब्द शेजारीशेजारी. दोन्हींना 'ठळक' लिहिलं तर कायद्यात पुनरुक्ती दिसते. काय करावं?

कोर्टनाका

कायद्यात शेजारी दोन शब्द आले तर दोघांनाही काही काम दिलेलं आहे असं धरून वाचायची रीत आहे. त्यामुळे मराठीतही दोन वेगळे शब्द हवेतच. मी असं करेन: 'वाचता येईल असा व उठून दिसणारा', आणि पुढे 'आकार व रंग यांमुळे चटकन लक्ष वेधणारा'.

अनुस्वार

कोर्टनाकांचं पटलं. 'उठून दिसणारा' वस्तूकडून आणि 'लक्ष वेधणारा' पाहणाऱ्याकडून, वर म्हटलं तसंच. आणि इथेही शब्दांवर भागलेलं नाही. १ एप्रिल २०१६ पासून सिगारेटच्या पाकिटाच्या दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग चित्रासह इशाऱ्यासाठी ठेवावा लागतो.

परळच्या_बाई

वस्तूंचं बरंच झालं, आता माणसांकडे वळूया, कारण खरी फसगत तिथेच होते.

मी मुलांना एक कसोटी देते. 'अ प्रॉमिनंट गँगस्टर' म्हणता येतं का? येतं, इंग्रजी वर्तमानपत्रांत सर्रास येतं. 'ॲन एमिनंट गँगस्टर'? कुणी म्हणणार नाही. 'एमिनंट'मध्ये आदर आहे. विद्वान, न्यायाधीश, शल्यविशारद यांना तो शोभतो. 'प्रॉमिनंट'मध्ये आदर असेलच असं नाही. त्या क्षेत्रात हा माणूस लोकांच्या नजरेत आहे, एवढंच तो सांगतो.

मराठीत मात्र असा कोरा शब्द मिळणं अवघड. आपले शब्द लगेच बाजू घेतात. नामवंत वकील, ख्यातनाम गायिका, प्रतिष्ठित नागरिक, हे सगळे आदराचे. 'नामचीन' मूळचा फारसी, अर्थ निवडक, नाव असलेला. पण आज मराठीत तो गुंडालाच लागतो. 'नामचीन गुंड' बरोबर, 'नामचीन कवी' म्हटलं तर कवी रागावतील. 'बडी असामी' म्हटलं की पैसा आणि वजन येतं. 'मातब्बर' म्हटलं की दरारा येतो.

त्यातल्या त्यात तटस्थ म्हणजे 'आघाडीचा'. आघाडीचे वकील, आघाडीचे बिल्डर, आघाडीचा फलंदाज. शब्दाच्या बांधणीतही तो 'प्रॉमिनंट'ला जवळचा, पुढे असलेला. मात्र क्रिकेटमध्ये 'आघाडीचा फलंदाज' म्हणजे सलामीच्या फळीतला असाही अर्थ होतो, तेवढं सांभाळायचं. आणि गुंडाला 'आघाडीचा' म्हणवत नाही. तिथे 'नामचीन' किंवा 'कुख्यात'च.

म्हणून मीनलताई, 'प्रॉमिनंट सिटिझन्स'ला 'प्रतिष्ठित नागरिक' लिहिताना एकदा मागचंपुढचं वाचा. सत्काराच्या बातमीत ते चालेल. धाडी पडल्याच्या बातमीत 'शहरातल्या काही बड्या व्यक्ती' हे जास्त खरं.

बोरीबंदर

आता माझा विरोध मागे. पण 'प्रमुख वैशिष्ट्ये' मी सोडणार नाही. यादीत दहा गोष्टी असतील आणि त्यांतल्या तीन वर दिल्या असतील तर त्या प्रमुखच की.

परळच्या_बाई

तिथे लेखकाने वजन ठरवून तीन निवडल्या असतील, तर 'प्रमुख' अगदी योग्य. इंग्रजीत तिथे बहुधा 'मेन' किंवा 'की' असतं. 'सेलियंट फीचर्स' असेल तर 'ठळक वैशिष्ट्ये' हा जोड आता सरकारी कागदांपासून सगळीकडे रुळलाय, तो मोडू नका. 'सेलियंट'च्या मुळाशी लॅटिनमधलं उडी मारणं आहे, डोळ्यांसमोर उडी मारून येणारं.

कुंकवाची_चिरी

सगळं वाचतेय आणि वाटतंय की आपल्याकडे यासाठी केवढे शब्द आहेत. ठसठशीत, उठावदार, ठाशीव, डोळ्यांत भरणारं. कपाळावर ठसठशीत कुंकू म्हटलं की आकार, रंग, कडा सगळं एका शब्दात येतं. पैठणीचा काठ उठावदार असतो. लिपीचं वळण ठाशीव असतं. दोन जागी एकच शब्द बसत नाही आणि हीच त्यातली श्रीमंती आहे. इंग्रजीचा एक शब्द आला म्हणून आपण या सगळ्यांना घरी बसवून 'प्रमुख'ला पुढे करायचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलं ॲपमधूनच मराठी शिकायला लागली तर 'ठसठशीत' त्यांना भेटणार कुठे?

स्पर्धा_परीक्षा_ठाणे

छान धागा. परीक्षेच्या दृष्टीने दोन शंका. 'प्रॉमिनंट'नंतर 'इन' येतं की 'फॉर'? आणि 'ही इज प्रॉमिनंट' एवढंच वाक्य बरोबर आहे का?

परळच्या_बाई

क्षेत्र सांगायचं तर 'इन'. 'प्रॉमिनंट इन द को-ऑपरेटिव्ह मूव्हमेंट', सहकार चळवळीतला आघाडीचा माणूस. अनेकांमधला एक सांगायचा तर 'प्रॉमिनंट अमंग'. कारण सांगायचं असेल तेव्हा 'फॉर' येतो, पण तिथे 'फेमस फॉर' किंवा 'नोन फॉर' वापरा, ते स्वाभाविक वाटतं.

'ही इज प्रॉमिनंट' व्याकरणाने बरोबर, पण अर्धवट वाटतं. ऐकणारा विचारतो, कशात? कुणांमध्ये? क्षेत्र जोडलं की वाक्य पुरं होतं. नामाआधी वापरलं, 'अ प्रॉमिनंट लॉयर', तर क्षेत्र त्या नामातच आलेलं असतं, म्हणून तिथे काही जोडावं लागत नाही.

उच्चारात जोर पहिल्या 'प्रॉ'वर द्या, 'मि' आणि 'नंट' हलके. आणि 'एमिनंट', 'इमिनंट'ची जोडी परीक्षेत हमखास येते. 'वादळ इमिनंट आहे', 'शास्त्रज्ञ एमिनंट आहे'. वादळाला 'एमिनंट' लिहिलं की गुण गेले.

स्पर्धा_परीक्षा_ठाणे

धन्यवाद बाई. वहीत उतरवून घेतलं.